कातळावरचा कराणी

माझी सगळी नोकरी दुसऱ्यांच्या वह्या उघडण्यात गेली. सरकारी ग्रँट जिथे जाईल तिथे तिच्या मागोमाग आम्ही जायचो. शाळा, दवाखाने, विहिरी, धर्मशाळा. हिशेबतपासनीस गावात उतरला की लोक अदबीने वागतात आणि तो कधी एकदा जातो याची मनातल्या मनात वाट बघतात. या खात्यात दहाबारा वर्षं काढली की नजरेला एक वाईट खोड लागते. कोणी पावती पुढे केली की ती खोटी कुठे आहे ते आधी दिसायला लागतं. परवा एका तरुण तपासनिसाने मला विचारलं, "पूर्ण खरी वही तुम्ही कधी पाहिलीत का हो?" मी म्हटलं, "एक पाहिली. आणि तिच्यावर मला आक्षेप लिहावा लागला." मग तो काही उठेना. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतो.

एकोणीसशे वीस-तीसमधली गोष्ट. रत्नागिरीतल्या काही हौशी मंडळींनी एक बागमंडळ काढलं होतं. गावाबाहेरचा एक उघडा कातळ सरकारने त्यांना बागेसाठी दिला आणि वर ग्रँटही मंजूर केली. निम्मे पैसे गावाने जमवायचे, निम्मे सरकारने द्यायचे. तो कातळ म्हणजे सलग जांभा दगड. पावसाळ्यात वर हिरवी लव उगवायची, दिवाळीनंतर वाळून जायची, आणि मग पुढचे सहा महिने कातळ तव्यासारखा तापायचा. "कातळावर बाग म्हणजे टकलावर वेणी," असं गावातले लोक म्हणायचे.

ग्रँटच्या अटी पाच पानं भरून होत्या. हिशेब वेगळा ठेवायचा, दर खर्चाला पावती, मजुरांची हजेरी, रोपांची आणि अवजारांची नोंद, ज्या कामाला पैसे दिले त्याच कामाला ते वापरायचे, आणि तपासनीस मागेल तेव्हा सगळं पुढे ठेवायचं. या अटी मंडळाच्या सभासदांपैकी बहुतेकांनी वाचल्याही नसतील. एका माणसाने मात्र त्या पाठ केल्या होत्या. तो मंडळाचा पगारी कारकून, पांडुरंग मयेकर. सगळे त्यांना तात्या म्हणत.

मी पहिल्यांदा गेलो तो पौषातला दिवस होता. आगबोटीतून उतरून मचव्यातून किनाऱ्याला लागलो, सामान सरकारी बंगल्यावर टाकलं आणि तडक कातळावर गेलो. पूर्वसूचना न देता जायची माझी पद्धत होती. बागेत एक कौलारू खोपटं होतं. दारात पन्नाशीचा एक सडपातळ, काळासावळा गृहस्थ उभा होता. धोतरावर बंद गळ्याचा कोट, उन्हाने तांबूस झालेली काळी टोपी, कानावर पेन्सिल. दोन पायांत अंतर ठेवून उभं राहायची त्यांची एक ढब होती, पायांखालची जमीन केव्हाही हलेल अशी.

मी नाव आणि हुद्दा सांगितला. ते नम्रपणे म्हणाले, "या साहेब. बसा. अधिकारपत्र?"

ते बंगल्यावर ट्रंकेत राहिलं होतं. तसं मी सांगितलं.

त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. मी प्यायलो. मग ते समोर हात बांधून उभे राहिले.

"वह्या काढा," मी म्हटलं.

"पत्र आलं की काढतो."

"अहो, मी तपासनीस आहे. तुमची ग्रँट माझ्या सहीवर आहे."

"असाल ना. मी नाय कुठे म्हणतोय? पण पत्राशिवाय वह्या दाखवल्या तर उद्या तुम्हीच लिहाल, कारकून कोणालाही वह्या दाखवतो म्हणून. आणि ते बरोबरच असेल."

भर दुपारी मी मैलभर परत गेलो आणि पत्र घेऊन आलो. चिडलो होतो. आज याची एक तरी पावती खोटी काढणार, असं वाटेत मनाशी ठरवलं. तात्यांनी पत्र दोनदा वाचलं, त्याचा जावक नंबर उतरून घेतला, मग एक वही पुढे केली. ती येणाऱ्याजाणाऱ्यांची वही होती. तिच्यात माझी सही घेतली. त्यानंतर कुलूप उघडलं.

आधी झाडांची वही आली. अशी वही मी त्यापूर्वी पाहिली नव्हती, पुढेही पाहिली नाही. दर झाडाला एक पान. कुठून आणलं, कोणी लावलं, खड्ड्याला सुरुंगाची दारू किती लागली, माती कुठली. आणि मेलं असेल तर मृत्यूची नोंद. एक पान मला अजून आठवतं. सदतीस नंबरची बकुळ. खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: "मेली. कारण बकरी. कुंपणाचं फाटक उघडं राहिलं. दोष माझा."

"हे शेवटचं लिहायची गरज काय होती?" मी विचारलं.

"नायतर बकरीवर गेलं असतं," ते म्हणाले. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

मी पावत्यांचा गठ्ठा मागवला आणि मधूनच एक ओढली. गंगाराम नावाच्या गाडीवाल्याची, बावीस गाड्या मातीची, खाली अंगठा. अंगठ्याची पावती ही आमच्या धंद्यात लबाडीची नेहमीची वाट. माती अंगठ्यावर येते आणि कोणाच्या तरी घरात पैसे होऊन जाते. मी म्हटलं, "हा गंगाराम दाखवा मला."

"आत्ता?"

"आत्ता."

तात्यांनी खोपट्याला कुलूप लावलं, टोपी सारखी केली आणि चालायला लागले. दीड कोस चाललो. गंगाराम अंगणात बैलांना पेंढा घालत होता. मी तात्यांना लांब उभं केलं आणि त्याला विचारलं, "बागेत किती गाड्या माती टाकलीस?"

"तेवीस," तो म्हणाला.

माझ्या मनात काय झालं ते खरं सांगतो. मला आनंद झाला. एका गाडीची का होईना, पण फट सापडली होती.

"पावतीत बावीस आहेत."

"व्हय. बावीसच पोचल्या. तेविसावी गाडी उताराला कलंडली. माती गेली ओहोळात. तात्या म्हनाले, पोचली नाय ती मोजनार नाय. मी म्हनलं, तात्यानूं, माझ्या बैलाचा पाय गेला त्याचा काय? तर म्हनाले, तो वेगळा हिशेब."

परत आल्यावर तात्यांनी मला रोजनिशीतलं पान काढून दाखवलं. तेविसावी गाडी, तिचं कलंडणं, माती वाया, भाडं दिलं नाही. त्याखाली: "बैलाच्या पायाच्या औषधाला सहा आणे. मंडळाच्या हिशेबात धरू नयेत. माझे."

त्या दिवशी मी सही केली तेव्हा ऊन उतरलं होतं. शाई वाळेपर्यंत तात्या थांबले, मग खोपट्याच्या मागे जाऊन एक शहाळं तासून घेऊन आले. "आता घ्या," ते म्हणाले. "तपासणी चालू असताना पाण्यापलीकडे काय देणं बरं नव्हे."

त्या शहाळ्याची चव मी अजून सांगू शकेन.

पुढे दर हिवाळ्यात मी जायचो. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. इतर ठिकाणी मजुरांच्या हजेरीत "बाया बारा, रोज अमुक" असा एक आकडा असायचा. तात्यांच्या वहीत आकडा कधीच नसे. भागीरथी, चंद्रा, हलिमाबी, जनी थोरली, जनी धाकटी अशी नावं आणि नावापुढे डोक्यावरून आणलेल्या हंड्यांची संख्या. कातळाखालच्या विहिरीतून चढावर पाणी आणायचं काम या बायकांचं. एकदा मी म्हटलं, "तात्या, अटीत नावं लागत नाहीत. आकडा चालतो. तुमचा किती वेळ जातो यात."

ते म्हणाले, "साहेब, माणूस आपल्या बैलांची नावं सांगतो. मग बायांचा आकडा का?" आणि लिहीत राहिले.

याचं खरं कारण मला त्यांच्या बायकोकडून कळलं. काशीबाई त्यांचं नाव. ठेंगणी, ठसठशीत कुंकू, बोलणं खणखणीत. दुपारची भाकरी घेऊन त्या रोज कातळ चढायच्या. त्या दिवशी तात्या रोपांना पाणी घालणं बघायला गेले होते आणि मी हजेरीची वही चाळत बसलो होतो.

"बघा हो बघा," काशीबाई म्हणाल्या. "सगळ्या गावच्या बायांची नावां त्या वहीत. माझांच काय तां नाय. रोज भाकरी आनतंय, त्याची हजेरी कोन मांडनार?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि हळू आवाजात सांगायला लागल्या.

तात्या तरुणपणी गलबतावर कराणी होते. मालाची आणि उतारूंची नोंद ठेवणारा जो कारकून, त्याला किनाऱ्यावर कराणी म्हणतात. शिमग्याला घरी येणारी माणसं भरून एक पडाव, म्हणजे लहान गलबत, निघाला होता. गर्दी फार होती, वारा फिरायच्या आत निघायचं म्हणून पडाव हाकणारा तांडेल घाई करत होता. तात्यांनी मालाची एक एक गोण लिहिली. उतारूंपुढे नुसतं लिहिलं, "साठ." पडाव खाडीच्या तोंडाशी उलटला. तात्या एका फळीला धरून वाचले. अजून वीसएक वाचले. बाकीचे गेले.

"मग लोकां येयाला लागली," काशीबाई म्हणाल्या. "राजापुराकडनं, लांज्याकडनं. आमचा मानूस होता काय त्या पडावात? यांच्याकडं वही. वहीत साठ. एक बाई तीन दिस आमच्या पडवीत बसून होती. म्हनायची, कराणीनूं, तुमी लिवलंय ना, मग बघून सांगा ना. घो आहे का मेला, कुंकू ठेवू का पुसू, तां तरी सांगा. यांना सांगता येईना. चवथ्या दिशी ती उठून गेली. त्या दिवसापासनं यांनी दर्यावरची नोकरी सोडली." त्या पदर सावरून उठल्या. "मी सांगितलां म्हनू नका."

मी कधी बोललो नाही. पण त्यानंतर त्या वहीतली नावं मला वेगळी दिसायला लागली. देवळात चपला काढाव्या तसं काहीतरी ती वही उघडताना मनात व्हायचं.

मग तो उन्हाळा आला. आदल्या वर्षी पाऊस दसऱ्याच्या कितीतरी आधी गेला होता. चैत्रात कातळाखालची विहीर आटली. झाडं तिसऱ्या-चौथ्या वर्षातली, मुळं अजून दगडात शिरलेली नव्हती. पाण्यासाठी ग्रँटमध्ये जी रक्कम होती ती फाल्गुनातच संपली. शिल्लक होती ती एकाच बाबीची. बागेच्या मधोमध बँड वाजवायला दगडी चौथरा बांधायचा होता. त्याला मंजुरी होती, पैसे आलेले होते, आणि अटीत स्वच्छ लिहिलं होतं की एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाला वापरायचे तर आधी लेखी परवानगी पाहिजे. तात्यांनी परवानगी मागणारं पत्र धाडलं. उत्तर येईना. दुसरं धाडलं. वरचे साहेब महाबळेश्वरी होते. इकडे रोज दोन-तीन पानांवर मृत्यूची नोंद होऊ लागली.

एके सकाळी तात्यांनी बायकांना बोलावलं. मैलभर लांबच्या एका बागायतीतल्या विहिरीवरून पाणी आणायचं ठरलं. तिथून पावसाळ्यापर्यंत गाड्यांवर पिंपं आणि डोक्यावर हंडे येत राहिले. चौथऱ्याच्या पैशातले एकशे शहाऐंशी रुपये चार आणे पाण्याला गेले. सरकारी उत्तर मृगाच्या पावसाबरोबर आलं. परवानगी नाकारली होती.

त्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा मंडळाचे अध्यक्ष मला भेटायला बंगल्यावरच आले. ते गावातले नामांकित वकील, सगळे त्यांना अप्पासाहेब म्हणत. मनाने चांगला माणूस. त्यांनी दार लोटून घेतलं.

"एक विनंती आहे. तात्याने एक वेडेपणा केलाय. तो तुम्हाला दाखवीलच. पण त्याआधी त्याला समजवा. गवंडी चौथऱ्याच्या दगडाची पावती द्यायला तयार आहे. पैसे मी भरतो आणि दोन महिन्यांत चौथरा खरोखरच बांधून टाकतो. कोणाचंही नुकसान नाही. मी सांगून थकलो. तो म्हणतो, बांधला नाही त्याची पावती नाय."

मी कातळावर गेलो. तात्यांनी अधिकारपत्र मागितलं, वाचलं, जावक नंबर लिहून घेतला. मग स्वतःच खर्चाची वही उघडून माझ्यापुढे सरकवली. तांबड्या शाईत लिहिलेलं होतं: "हा खर्च नियमाबाहेर आहे. परवानगी मागितली, आली नव्हती. तरी केला. मंडळाला विचारलं नाही. जबाबदार मी एकटा. वसुली माझ्याकडून व्हावी." खाली पूर्ण नाव आणि सही. त्यानंतर आठ पानं बायकांची नावं, गाडीवाल्यांची नावं, हंडे आणि पिंपं.

मी ती आठही पानं शेवटपर्यंत वाचली. बाहेर झाडं दिसत होती. एकशे बारा लावलेली, त्यांतली नव्वदच्या वर उभी होती. करंज, उंडी, कांचन, बकुळ. सुरुंग लावून फोडलेल्या दगडात ती उभी होती आणि तरारली होती.

मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, तपासनिसाने करू नये ते केलं. म्हटलं, "तात्या, हे पान असंच राहू दे. पण 'मंडळाला विचारलं नाही' हे वाक्य नको. अप्पासाहेब ठराव करून देतील, मागची तारीख घालून. मग जबाबदारी सगळ्या मंडळाची होईल. एकट्यावर वसुली येणार नाही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नव्हते. थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"साहेब," ते म्हणाले, "तुम्ही तपासायला आलात की शिकवायला?"

माझी मान खाली गेली. मग तेच समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, झाडं मरत होती तेव्हा मी नियम मोडला. तो मोडायलाच हवा होता. उद्या तसंच झालं तर परत मोडीन. पण मोडला तो मोडला. न मोडल्यासारखं लिहिलं तर मग या बाकीच्या पानांना कोण विचारणार? हलिमाबीचे हंडे पण खोटेच ठरतील ना?"

मी आक्षेप लिहिला. सोबत शिफारसही जोडली. खर्च खरा आहे, त्याने सरकारची झाडं वाचली आहेत, तरी मागाहून मंजुरी द्यावी. इतकं मन लावून मी दुसरं काही लिहिलं नसेल. चार महिन्यांनी उत्तर आलं. हिशेब नमुनेदार ठेवल्याबद्दल मंडळाची पुढची ग्रँट चालू राहील. मात्र नियमाबाहेरची रक्कम जबाबदार व्यक्तीकडून वसूल करावी. वरच्या साहेबांना एकाच कागदात दोन्ही गोष्टी लिहिताना काही वाटलं नसावं.

तात्यांचा पगार महिना वीस रुपये. त्यातले पाच कापायचे ठरले. अप्पासाहेबांनी सगळी रक्कम भरायची तयारी दाखवली. तात्यांनी हात जोडले. "आदेशात जबाबदार व्यक्ती लिहिलंय. तुम्ही नव्हतात तिथे."

एक दिवस पाणी आणणाऱ्या बायका सगळ्या मिळून खोपट्यापाशी आल्या. त्यांच्यात हलिमाबी वयाने मोठी. तिने फडक्यात बांधलेली मजुरी पुढे ठेवली. "तात्या, ये घेव. हमारे हंड्यांपायी तुमचां घर कशाला बुडवायचां?"

अप्पासाहेबांनीच हे मला पुढे सांगितलं. तात्यांनी फडकं उचललं, तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "तुम्ही काम केलंत, त्याचे पैसे मिळाले. परत घ्यायला माझ्या वहीत रकाना नाय गो." बायका गेल्या. मग तात्या खोपट्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सदतीस महिने पाच रुपयांप्रमाणे आणि अडतिसाव्या महिन्यात एक रुपया चार आणे. पैसे भरणारे तेच, घेऊन पावती लिहिणारेही तेच. प्रत्येक पावतीवर "पांडुरंग मयेकर यांजकडून मिळाले" आणि खाली स्वतःची सही. त्या पावत्या मी दरसाल तपासल्या. काशीबाईंनी त्या तीन वर्षांत नवं लुगडं घेतलं नाही. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही मला टोमणा म्हणून. "तुमची सही लय म्हाग पडली हो सायेब." त्यांनीच मग शहाळं आणून माझ्या हातात दिलं.

पुढे माझी बदली कर्नाटकात झाली. चार-पाच वर्षांनी एका कामासाठी रत्नागिरीस जायचा योग आला, तोवर तात्या कामावरून निवृत्त झाले होते. बागेचा ताबा दुसऱ्या संस्थेकडे गेला होता. नव्या माणसांनी खोपटं पाडून पक्की कचेरी केली होती. कारकूनही नवा होता. कोल्हापूरला जाणारी मोटार सुटायला दोन तास होते, म्हणून मी कातळावर चढलो. वैशाखातली दुपार होती. बाग गजबजलेली होती. बाजाराला आलेली, मोटारीची वाट बघणारी माणसं गाठोडी उशाला घेऊन झाडांखाली पडली होती. कुणी भाकरी सोडली होती. एक बाई मूल थोपटत होती.

आणि फाटकातून तात्या येताना दिसले. फार थकले होते. टोपी नव्हती, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात काठी. डोळ्यांवर बहुधा मोतीबिंदू आला होता, कारण ते पायांनी वाट चाचपत चालत होते. मी हाक मारणार होतो, पण का कोण जाणे, थांबलो.

एका मोठ्या करंजाखाली खेड्यातली चारपाच माणसं बसली होती. तात्या तिथवर आले आणि उभे राहिले. बसायला जागा आहे की नाही ते त्यांना दिसत नसावं. त्या माणसांनी त्यांना ओळखलं नाही. ओळखायचं काही कारणच नव्हतं. त्यांतला एक गडी बाजूला सरकला, गाठोडं ओढून घेतलं आणि म्हणाला, "बसा ओ बाबा. लाजताव कशाला? सावली काय कोनाच्या बापाची हाय?"

"नाय, नाय," तात्या म्हणाले. "कोणाची नाय."

आणि काठी बाजूला ठेवून, एका हाताने बुंध्याचा आधार घेत, ते हळूच त्यांच्यात बसले.